चेकरबाई आणि उलटे आटे

काळजी करायचा पगार मिळतो असं जगात एखादंच काम असेल, आणि ते चेकरबाईंनी सव्वीस वर्षं केलं. शर्टांच्या कारखान्यात त्या तपासणीला होत्या. समोरून शर्ट सरकत यायचे आणि बाई प्रत्येकाची कॉलर, काज, काखेतली शिवण बोटांनी चाचपायच्या. चूक सापडली की तिथे लाल दोरा बांधायचा आणि शर्ट परत पाठवायचा. दिवसाला तीन-चारशे शर्ट. पुढे कारखाना बंद पडला, बाई घरी आल्या, पण सवय काही तिथल्या खुंटीला टांगून आल्या नाहीत. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं. गॅस बंद केला की अर्ध्या वाटेतून परत येऊन बघायचा. कुणाला यायला दहा मिनिटं उशीर झाला की बाई मनाने थेट इस्पितळात पोचलेल्या. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ना, ते बाईंकडे बघूनच कुणीतरी म्हटलं असावं.

आणि अशा बाईच्या वाट्याला नवरा कोण यावा, तर माणसांच्या डोक्यावर लोखंड फिरवत ठेवणारा.

मिस्त्रींचं कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एकदा त्यांनी गंमत म्हणून मोडक्या सायकलच्या चाकाला रंगाच्या डब्यांची झाकणं कापून पाती लावली आणि ते दुकानाच्या छपरावर टांगलं. वारा आला, चाक फिरायला लागलं, येणारे-जाणारे थांबायला लागले. झालं, मिस्त्रींना नादच लागला. जुन्या पंख्यांची पाती, धुलाईयंत्राची पिंपं, भाताचे डाव, छत्रीच्या काड्या, जे दुसऱ्याने टाकलं ते यांनी उचललं. त्यातून वाऱ्यावर डोलणारी, गरगरणारी, एकमेकांत हात गुंफून उलटसुलट फिरणारी अजस्र भिरभिरी तयार व्हायची. एका बागेने नेलं, दोन उपाहारगृहांनी नेलं, रोपवाटिकेच्या दारात एक उभं राहिलं. मिस्त्रींना लोक भिरभिरेवाले म्हणू लागले आणि दुकानातली पंक्चरं बाजूला पडली.

बाई दर रविवारी या सगळ्या भिरभिऱ्यांना भेट देऊन यायच्या. नट तपासायला. उपाहारगृहाच्या मालकाला वाटायचं, बाईंना नवऱ्याच्या कलेचं भारी कौतुक. कौतुक होतंच हो, नाही असं नाही, पण धास्ती त्याहून मोठी होती.

मग मिस्त्रींच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. आधी कडेचं दिसेनासं झालं, नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं उरलं, आणि वर्षभरात ती नळीही धुरकट झाली. उजेड-अंधार समजायचा, उंच-ठेंगणं समजायचं, बस. डॉक्टरकडून आले त्या दिवशी मिस्त्रींनी बाईंना समोर बसवलं आणि सांगितलं, "हे कुणालाही कळता कामा नये. आंधळ्याने केलेली वस्तू लोक कौतुकाने बघतील, पण डोक्यावर टांगून घेणार नाहीत."

बाईंना ते पटलं. त्यांनी स्वतःही टांगून घेतली नसती.

तेव्हापासून झाकली मूठ सव्वा लाखाची. दुकान बंद केलं, पाठ दुखते असं सांगितलं. मागच्या आवारात काम सुरू राहिलं. मिस्त्री बोटांनी आणि कानांनी काम करायचे. चाक फिरवून सोडायचं आणि थांबेल तेव्हा कुठली बाजू खाली येते ते हाताने बघायचं. जड बाजू नेहमी खाली येते. तिच्या समोर एक वॉशर बांधायचा, परत फिरवायचं. मोजणं, कापणं, खुणा करणं, आवळणं हे बाईंकडे. लोकांसमोर मात्र बाई चार पावलं मागे उभ्या राहायच्या आणि पाना मिस्त्रींच्या हातात असायचा. ताकास तूर लागू द्यायची नाही असं दोघांचं ठरलेलं होतं.

मग गावातल्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांना शाळेच्या अंगणात मधोमध एक मोठं झाड हवं होतं, वाऱ्यावर फिरणारं. जुन्या पाण्याच्या पाइपाचं वीस फुटी खोड, आठ फांद्या, प्रत्येक फांदीला लहान मुलांच्या सायकलचं एक चाक. चार चाकं उजवीकडे फिरणार आणि चार डावीकडे. मिस्त्री म्हणाले, हे शेवटचं. यापुढे हातालाही दिसणार नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. साधा नट उजवीकडे फिरवला की आवळतो, डावीकडे फिरवला की सुटतो. चाकाच्या तोंडाशी नट बसवला तर फिरणारं चाक त्याला आपल्या बाजूला ओढत राहतं. उजवीकडे फिरणाऱ्या चाकाचं भलं आहे, त्याचा नट आपोआप घट्ट होतो. पण डावीकडे फिरणाऱ्या चाकाला साधा नट लावला, तर चाक स्वतःच आपला नट सोडवत बसतं, फेरीमागून फेरी. म्हणून तिथे उलट्या आट्यांचा नट लागतो. सायकलचं डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं. मिस्त्री त्या पेडलांच्या दांड्या काढायचे आणि पेडल ज्यात बसतं त्या क्रँकचं टोक कापून त्याचा नट करायचे. वर म्हणायचे, आपण वाऱ्यालाच पाना धरायला लावला आहे.

डाव्या पेडलाच्या चार धड दांड्या मिळवायला भंगाराचे बाजार दोन महिने पालथे घातले. चार म्हणजे चारच मिळाल्या. साध्या दांड्या हव्या तेवढ्या होत्या. उलट्या दांड्यांवर मिस्त्रींनी डोळे होते तेव्हाच्या सवयीने पांढऱ्या रंगाचा ठिपका बाईंकडून काढवून घेतला. आणि बाईंनी काय करावं? गंज लागेल या धास्तीने एका दुपारी झाडून सगळ्या दांड्यांना आणि नटांना लाल प्रायमर फासला. ठिपके गेले. मग घाबरून एकेक नट फिरवून बघत त्यांनी दांड्या परत वेगळ्या केल्या आणि नवऱ्याला काही सांगितलं नाही. करायला गेल्या काळजी आणि झाली ही भानगड.

शुक्रवारी झाड उभं राहिलं. क्रेनवाला घाई करत होता. खोड जमिनीवर आडवं ठेवून मिस्त्रींनी सगळ्यांसमोर आठही नट स्वतः आवळले, बाई मागे उभ्या. झाड वर गेलं, झुळूक आली, चाकं फिरली आणि मुलांनी असा गलका केला की मिस्त्रींनी तोंड फिरवून डोळे पुसले. शनिवारी शाळेला सुट्टी होती.

रविवारी दुपारी बाई दांड्यांचा डबा आवरायला बसल्या. डब्यात तळाशी तीन दांड्या होत्या. सवयीने बाईंनी एकीचा नट काढायला घेतला, तर तो निघेना. उलट फिरवला, तर सुरकन निघाला.

बाईंनी बाकीच्या दोन्ही दांड्या फिरवून पाहिल्या, त्या साध्या निघाल्या. चार होत्या. चारही वर असायला हव्या होत्या. एक इथे आहे, म्हणजे वर एका डाव्या चाकाला साधी दांडी लागली आहे. परवापासून ते चाक आपला नट सोडवत बसलं आहे. चार किलोचं लोखंड, कडेला पत्र्याची पाती, आणि खाली अंगणात उद्या सकाळी दीडशे मुलं रांगा लावून उभी राहणार. बाहेर वारा चांगलाच सुटला होता.

मिस्त्री आवारात खुर्चीवर बसले होते, वाऱ्याकडे तोंड करून. बाईंना सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण सांगितलं असतं तर हे गृहस्थ शिडी मागवून स्वतः वर चढले असते, यात त्यांना शंका नव्हती. त्यांनी आडून विचारलं, शाळेतल्या झाडाचे नट नीट आवळले होते ना?

मिस्त्री म्हणाले, "मी कशाला, वारा आवळतोय की." आणि हसले.

बाई चपला घालून निघाल्या. भाजी आणायला जाते म्हणाल्या आणि पिशवीही नेली नाही.

शाळेत शिपाई एकटाच होता. बाईंनी थाप मारली, वरच्या चाकांत तेल घालायचं राहिलं आहे, शिडी लावून द्या. शिपायाने बाईंकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. साठीची बाई वीस फुटांवर चढणार, आणि पडली की नोकरी कुणाची जाणार? मोठ्या बाईंना विचारल्याशिवाय मी खिळासुद्धा ठोकत नाही, असं त्याने ऐकवलं. मोठ्या बाई परगावी, उद्याच येणार. बाईंनी त्याला चहाची लालूच दाखवली, गयावया केली, शेवटी रागावल्यासुद्धा. तो ढिम्म हलला नाही. मग त्या तासभर फाटकाशी उभ्या राहून वर बघत राहिल्या. डावीकडे फिरणारी चाकं चार. चारही सारखीच दिसत होती. मान मोडून आली, डोळ्यांना पाणी आलं, पण कुठलं चाक खोटं ते काही कळलं नाही. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांना लाल दोरे बांधले, आणि आपली एक चूक डोळ्यांसमोर फिरत असताना ओळखता येईना, याची त्यांना शरम वाटली.

त्या रात्री बाई झोपल्या नाहीत, आणि पलीकडे मिस्त्रीही कूस बदलत होते. पाठ दुखत असेल, असं बाईंना वाटलं.

सोमवारी शाळा उघडायच्या आधी बाई फाटकावर हजर. मुख्याध्यापिका आल्या तशा बाई त्यांच्या मागे खोलीत शिरल्या आणि तेलाची थाप पुन्हा मारली. मुख्याध्यापिका चांगल्या मनाच्या, पण घड्याळावर चालणाऱ्या. त्या म्हणाल्या, घाला की, एक वाजता शाळा सुटली की शिपाई शिडी लावून देईल. एवढं बोलून त्या हजेरीच्या वह्यांत डोकं घालून बसल्या. बाई दारात घुटमळल्या. एक वाजेपर्यंत काय होणार आहे? तीन दिवस टिकलं, पाच तास टिकेल. कशाला हात दाखवून अवलक्षण? आणि घरी तो माणूस बसला आहे, ज्याचं हे शेवटचं काम आहे.

बाहेर घंटा झाली. मुलं धावत येऊन झाडाभोवती गोल रांगा करायला लागली. तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला आणि बाईंच्या कानावर आवाज पडला. टक. टक. टक. घट्ट बसलेलं चाक आवाज करत नाही. हे चाक दांडीवर पुढे-मागे होत होतं.

"मुलांना हलवा," बाई म्हणाल्या. मुख्याध्यापिकांनी मान वर केली. "आधी मुलांना आत घ्या. वरचं एक चाक पडणार आहे. नट चुकीचा लागलाय, चूक माझी आहे. मिस्त्रींना दिसत नाही. तीन वर्षं झाली, त्यांना काही दिसत नाही. सगळं मीच बसवते."

हे बोलताना त्यांचा आवाज एवढा चढला होता की व्हरांड्यातले दोन शिक्षक थबकले. मुख्याध्यापिका वह्या तशाच टाकून उठल्या. त्या धावतच बाहेर गेल्या. पाच मिनिटांत अंगण रिकामं झालं, मुलांना वाटलं आज काहीतरी मजा आहे. शिपायाने शिडी लावली, कमरेला दोर बांधून एक तरुण शिक्षक वर चढला. बाई खालून सांगत होत्या, याला हलवा, नाही, आता त्याला. वरून तिसरं चाक. त्याने नटाला बोट लावलं आणि नट त्याच्या तळहातात आला.

"किती आटे राहिले होते?" बाईंनी विचारलं. तो म्हणाला, दीड असेल.

मुख्याध्यापिकांनी तो नट हातात घेतला. त्या बाईंना टाकून बोलल्या नाहीत, तेच बाईंना जास्त लागलं. त्या एवढंच म्हणाल्या की झाड या आठवड्यात उतरवावं लागेल, आणि तुम्ही काल हे शिपायाला खरं सांगितलं असतं तर त्याने मला फोन केला असता. तीन वर्षं ज्यासाठी खोटं बोललो त्यासाठीच आणखी एक दिवस खोटं बोललो, हे कुणाला कसं सांगायचं?

घरी जाताना बाई सगळी वाट मनात वाक्यं जुळवत होत्या. नवऱ्याचा विश्वासघात केला, भर शाळेत त्याचं आंधळेपण बोलून दाखवलं. आता तो काय म्हणेल? बोलणं टाकेल का? त्या आवारात आल्या आणि मिस्त्रींसमोर उभं राहून एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या. प्रायमर, ठिपके, डब्यातली दांडी, मुख्याध्यापिका. शेवटी रडत म्हणाल्या, दीडच आटा राहिला होता हो.

मिस्त्रींनी तोंड शाळेच्या दिशेला वळवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "दीड? मला वाटलं होतं, निदान महिनाभर तरी टिकेल."

बाईंना आधी ते कळलंच नाही. मग कळलं.

शुक्रवारी नट आवळताना मिस्त्रींच्या हाताला समजलं होतं. पाना नको त्या बाजूला आवळत होता. क्रेनवाला ओरडत होता, आजूबाजूला पंधरा माणसं होती. थांबा म्हटलं असतं तर चाक उतरवावं लागलं असतं, दांडी चाचपडत शोधावी लागली असती, सगळ्यांसमोर. त्यांनी अंगातलं सगळं बळ लावून नट आवळला आणि पुढच्या चाकाकडे सरकले. तीन रात्री ते जागे होते. रविवारी वाऱ्यात बसून ते शाळेच्या दिशेला कान लावून होते, ऐकू येणार नाही हे माहीत असून. काहीतरी करून गुपचूप जाऊन बदलू, असं स्वतःला समजावत होते. कसं, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

चेकरबाई आयुष्यात कधी नवऱ्यावर ओरडल्या नव्हत्या. काळजी करणारी माणसं ओरडत नाहीत, त्यांना तेवढी सवड नसते. तेव्हाही त्या ओरडल्या नाहीत. पण अंगाचा असा तिळपापड झाला की तिथे उभं राहवेना. आपण गुन्हेगारासारखं तोंड घेऊन आलो आणि हा माणूस तीन दिवस सगळं माहीत असून हसत बसला होता. दीडशे पोरं खाली आणि याला आपली पत वर. त्या वळल्या आणि तडक रस्त्यावर आल्या. शेजारी शिंप्याचं दुकान होतं. त्याच्या दारात उभं राहून बाई मोठ्याने म्हणाल्या, "आमच्या मिस्त्रींना दिसत नाही. तीन वर्षं झाली. आम्ही खोटं सांगत होतो."

शिंप्याने मशीन थांबवलं. मग ओशाळून म्हणाला, "माहीत आहे की, बाई."

बाई पुढच्या दाराशी गेल्या. तिथली इस्त्रीवाली म्हणाली, अहो, गल्लीतली पोरंसुद्धा त्यांच्या वाटेत सायकल लावत नाहीत, तुम्हाला दिसलं नाही का? किराणावाला म्हणाला, ते नोट चाचपून ओळखतात, मी मुद्दाम क्रमाने लावून देतो, मोठी वर, छोटी खाली. त्यांना वाईट वाटू नये म्हणून आम्ही कधी बोललो नाही. सगळ्या गल्लीला माहीत होतं. मांजर डोळे मिटून दूध पीत होतं आणि अख्खा मोहल्ला शहाण्यासारखा भिंतीकडे बघत होता. पाचव्या दाराशी बाईंना पुढे जायची गरजच राहिली नाही.

त्या परत आल्या. मिस्त्री फाटकात येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, बाईंचा आवाज त्या दिवशी काही लपण्यासारखा नव्हता.

"काय म्हणाले लोक?"

"सगळ्यांना माहीत होतं," बाई म्हणाल्या. "पहिल्यापासून."

मिस्त्रींनी फाटकाचा गज धरला. ते म्हणाले, मग आपण हे कुणासाठी केलं?

बाईंच्या मनात होतं ते त्यांनी बोलून टाकलं. म्हणाल्या, मी शाळेत सांगितलं की चूक माझी. अर्धी माझीच आहे. पण तुम्हाला शुक्रवारीच कळलं होतं, हे मुख्याध्यापिकांना माहीत नाही. उद्या सकाळी आपण जायचं आणि ते तुम्ही सांगायचं, तुमच्या तोंडाने. मी नुसती बरोबर येईन, एक अक्षर बोलणार नाही.

मिस्त्रींनी पायाने चाचपडत चपला शोधल्या. लोकांसमोर कधी चाचपडत नसत, आज गल्लीतले चार जण दारात उभे असताना चाचपडले. डाव्या पायात उजवी चपल गेली, ती काढून त्यांनी बदलली.

"उद्या कशाला?" ते म्हणाले. "शाळा सुटायला अजून तास आहे. आत्ताच चल. उद्यापर्यंत माझा धीर टिकायचा नाही."